तांब्याच्या बाजूने

६ जानेवारी, रविवार

पुष्कळ महिन्यांनी वही उघडली. मनात जे चाललंय ते घरात कुणाजवळ बोलता येत नाही, म्हणून.

झिलाकडचा बोर्ड आखणारा मुलगा नोकरी सोडून गेला. झिला म्हणजे माझी एकुलती एक लेक, नूरझिला. तिची कंपनी म्हणजे पेनांगच्या बायान लेपासला नासी कंदार, म्हणजे भात-रस्सा, विकणाऱ्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या, ती, आणि तिची भागीदार सिओक ह्वा. सकाळपासून रश्श्याचा वास जिन्यातून वर येतो आणि यंत्रांनासुद्धा भूक लागते, असं ह्वा म्हणते. कोळंबीच्या तळ्यासाठी या दोघी एक यंत्र बनवताहेत. पाण्यातला प्राणवायू उतरायला लागला की ते भोंगा वाजवणार. आज तळेवाल्याला कळतं ते कोळंबी पालथी पडून वर आल्यावर. या यंत्राच्या पोटात एक सर्किट बोर्ड लागतो, हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या रेघा. त्या रेघा कुठून कुठे न्यायच्या हे आता कुणी आखायचं?

जेवताना झिला म्हणाली, "आबा, तुम्ही कराल?"

रोकिया हसली. मुलगी झाल्यापासून हीसुद्धा मला आबाच म्हणते. "आबांना टीव्हीचं बटण सापडत नाही, आणि बोर्ड आखणार?"

"आई, आबांनी आखलेले रेडिओ अजून लोकांच्या घरात वाजताहेत."

मी भातात बोट फिरवत राहिलो. तेविसाव्या वर्षी मी कारखान्याच्या आखणी खात्यात लागलो. तेव्हा बायान लेपासला अर्धी भातशेती होती. पण आम्ही आखायचो ते पारदर्शक कागदावर काळ्या पट्ट्या चिकटवून. आता सगळं सॉफ्टवेअरवर करतात.

हो म्हटलं. कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी झिलाला सिंगापूरहून बोलावणं आलं होतं, तिने नकार दिला. बालिक पुलाऊच्या हाजी सोबरींच्या तळ्यांवर यंत्र चाललं तर कंपनी उभी राहील, नाही तर कुलूप, असं ह्वाने मला जिन्यात सांगितलं. कुलूप लागलं की झिला जाणार. म्हणजे बोर्ड चालला तर मुलगी घरात, नाही चालला तर मुलगी परदेशात. गणित इतकं सरळ आहे, आणि ते माझ्या हातात आलंय. 

९ जानेवारी, बुधवार

ह्वाने शिकवायला सुरुवात केली. पस्तिशीची असेल, जीभ तिखट. मला पाकचिक म्हणते, म्हणजे काका.

"पाकचिक, माऊस आहे तो. कोंबडी नाही. एवढा गच्च धरलात तर मरेल."

स्क्रीनवर काळोख असतो आणि त्यात बोर्डाचा पिवळा चौकोन. वरच्या थरातल्या रेघा लाल, खालच्या थरातल्या निळ्या. जे भाग एकमेकांना जोडायचे आहेत पण अजून जोडले नाहीत, त्यांच्यामध्ये सॉफ्टवेअर आपण होऊन बारीक पांढरे दोरे ताणून ठेवतं. आज तिथे इतके दोरे होते की तेलोक कुंबारच्या वाळूवर कुणी फाटकं जाळं पसरलंय असं वाटलं. एक रेघ पुरी केली की एक दोरा नाहीसा होतो. सगळे दोरे गेले की काम झालं.

"आणि एक लक्षात ठेवा," ह्वा म्हणाली, "इथे बोर्ड काचेचा आहे असं समजायचं. तुम्ही कायम वर उभे. खालचा थरसुद्धा वरूनच, आरपार दिसतो."

काचेचा बोर्ड. किती सुंदर कल्पना. मी दिवसभर तोच शब्द घोळवत होतो. आमच्या वेळी टेबलाच्या काचेखाली दिवा असायचा. दुहेरी मापात आखायचं, मग फोटो काढून लहान करायचं. हातात सुरी, बोटांना चिकट काळी पट्टी, आणि पट्टीचा तो रबरी वास. दुपारी थंड हवेचं यंत्र बंद पडलं की वळणावरच्या पट्ट्या हळूहळू सरळ व्हायला बघायच्या, जेवून येईपर्यंत रेघ जागेवरून हललेली. पट्टीलासुद्धा घरी जायची ओढ असते, असं मी एकदा म्हणालो होतो. साहेबाने पुन्हा चिकटवायला लावलं.

ह्वा जाताना बोलून गेली, "झिला हे दोन दिवसांत उरकते." टोमणाच तो. उद्या लवकर जाईन.

१३ जानेवारी, रविवार

रोकियाने लोकरीचे मोजे आणले. चार जोड. शिवाय एक जाड टोपी, कान झाकणारी. विचारलं तर म्हणाली, "बहीण कॅमेरॉनच्या डोंगरात जायचं म्हणतेय." या वयात डोंगर. असो.

झिलाचा घसा बरा नाही. स्वयंपाक करताना कानात गाणी ऐकायचं ते बोंड घालते आणि तेच तेच शब्द पुटपुटत राहते, खाकरल्यासारखे. मी आलं घालून गरम पाणी दिलं. तिने मुकाट्याने घेतलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. दमते पोर.

शाळेत आमचे गुरुजी पंतुन म्हणून घ्यायचे, फूटपट्टीने बाकावर ताल धरून. चार ओळी. पहिल्या दोनांत नुसतं चित्र, झाड, पाखरू, होडी. मनातलं बोलायचं ते शेवटच्या दोनांत. आज कॉफी पिताना एक जुळलं.

जायफळ पिकले डोंगरउतारी,
होडीला बांधला वेताचा दोर;
लेकीची चाहूल असता दारी
म्हाताऱ्या जिवाला कशाचा घोर.

झिलाला म्हणून दाखवलं. "छान आहे," म्हणाली आणि भांडी घासायला उठली. भांडी रोकियाने आधीच घासली होती.

१७ जानेवारी, गुरुवार

निम्म्याहून अधिक दोरे गेले. आज सॉकेट आखलं. प्राणवायू मोजायला पाण्यात सोडायच्या काडीची वायर ज्यात खोचतात ते गोल सॉकेट, सहा पायांचं, पाय वेडेवाकडे अंतरावर, म्हणजे उलटं बसवायची चूक कुणाकडून होऊ नये. सॉफ्टवेअरच्या कपाटात बाकी सगळ्या भागांचे ठसे, म्हणजे पायांच्या भोकांचे नकाशे, तयार मिळतात, याचा नव्हता. सॉकेट बनवणाऱ्यांनी छापलेल्या चित्रावरून ठसा मलाच काढावा लागला. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: पायांच्या बाजूने दिसतं तसं.

ते वाचून किती बरं वाटलं. जगात अजून कुणीतरी शहाणं आहे. तांब्याच्या बाजूने बघायचं असतं, जिथे पाय बाहेर येतात, जिथे कथिलाचा डाग दिला जातो. आयुष्यभर आम्ही तसंच पाहिलं. भिंग लावून एक एक भोक चित्राबरहुकूम मांडलं. केसाइतकासुद्धा फरक नाही.

सॉकेट हातात असतं तर कागदावर छापून पाय टोचून पाहिले असते. पण ते बोर्डांबरोबरच यायचं आहे.

१८ जानेवारी, शुक्रवार

घात झाला. सकाळचं काम साठवायला विसरलो आणि वीज गेली. सकाळी गेलेले पांढरे दोरे सगळे परत. नमाजात चित्त लागलं नाही, सज्द्यातही जाळंच दिसत होतं.

ह्वा म्हणाली, "पाकचिक, सॉफ्टवेअरला तुमची आठवण येत होती. पुन्हा करायला बोलावलंय."

चिनी नववर्षाआधी फाईल पाठवली नाही तर बोर्ड बनवणारे कारखाने बंद होतील आणि महिना जाईल. हाजी सोबरी एवढं थांबणार नाहीत. आजपासून दर रेघेनंतर साठवतोय. बोट आपोआप तिकडे जातं. जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर तीच हालचाल होते, रोकियाने दाखवून दिलं.

२१ जानेवारी, सोमवार

तैपूसमची, तमिळ लोकांच्या सणाची, सुट्टी. खालचं दुकान बंद, म्हणून आज वास नाही, पण जालान केबुन बुंगाच्या मंदिराकडे जाणाऱ्या लोकांनी भरलेल्या बसगाड्या दिसत होत्या. मी एकटाच वर बसलो.

शेवटचा दोरा अकराच्या सुमारास गेला. स्क्रीनवर नुसत्या लाल-निळ्या रेघा, कुठे घाई नाही, कुठे काटकोन नाही, सगळी वळणं पट्टीसारखी मऊ. मग नियम तपासायचं बटण दाबलं. हा क्षण फार वाईट. कुठे दोन रेघा फार जवळ आल्या, कुठे काही जोडायचं राहिलं, हे सगळं ते शोधतं. 

चुका: शून्य.

मी पुन्हा दाबलं. शून्य. उठून पाणी प्यायलो, परत येऊन दाबलं. शून्य. तरी खात्री पटेना. शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळाले की मला वाटायचं गुरुजींनी दुसऱ्याची पाटी तपासली.

२२ जानेवारी, मंगळवार

झिला पहाटेच्या विमानाने क्वालालंपूरला गेली, कसल्यातरी कागदपत्रांसाठी. तिने एकदा नजर टाकावी असं मला फार वाटत होतं. ह्वाने फोन लावला.

"झिला, फाईल आज गेलीच पाहिजे. तू बघणार ना?"

फोनमधून झिलाचा आवाज आला, आजूबाजूला पुष्कळ गर्दी. "आबांनी केलंय ना? शून्य आलंय ना? मग पाठव."

ह्वाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पाठवली.

आबांनी केलंय ना. हे तीन शब्द मी बसमध्ये मनातल्या मनात इतक्यांदा म्हटले की उतरायचा थांबा चुकला.

३० जानेवारी, बुधवार

आता काही करायचं नाही, हेच वाईट. बोर्डाचं चित्र छापून आणलंय आणि उशीखाली ठेवलंय. रोज काढून बघतो. रेघांवरून बोट फिरवतो. आज वाटलं, भोंग्याकडे जाणारी रेघ बारीक तर नाही? ह्वाला फोन केला. ती म्हणाली, "पाकचिक, त्या रेघेवरून लॉरी जाईल. झोपा."

रोकिया फोनवर चेहरा बघत बोलायला शिकतेय. झिला तिला शिकवते. "आई, फोन कपाळाला नको लावूस, मला तुझं कपाळच दिसतंय." दोघी एकाच घरात, एक स्वयंपाकघरात, एक ओसरीवर, आणि एकमेकींशी फोनवर बोलताहेत. खेळ सुचतात एकेक.

६ फेब्रुवारी, बुधवार

ह्वाकडे नववर्षाला गेलो. संत्री नेली, संत्री मिळाली. तिची आई फार मायाळू. माझा हात धरून म्हणाली, "काळजी करू नका. पण जपायला सांगा हो. बर्फात पाय घसरतो."

मी म्हटलं, "कॅमेरॉनला बर्फ पडत नाही, आंटी. फार तर धुकं."

 ह्वाने माझ्या हातात आणखी एक संत्रं दिलं आणि आईला काहीतरी भराभर होक्कीनमध्ये बोलली. म्हातारीला कमी ऐकू येत असावं. परत येताना झिला गाडी चालवत होती. सिग्नल हिरवा झाला तरी ती निघाली नाही, मागच्यांनी भोंगे वाजवले.

"आबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. उद्या लाक्सा खायला जाऊ."

२० फेब्रुवारी, बुधवार

बोर्ड आले.

हिरवे, गार, कोपरे गोल. सोनेरी भोकं. एक हातात घेतला तर माझी वळणं त्यात जशीच्या तशी. इतक्या वर्षांत मी आखलेला बोर्ड कुणी माझ्या हातात असा दिला नव्हता, तो सरळ पुढच्या खात्यात जायचा. डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसायच्या निमित्ताने खिडकीकडे गेलो.

मागून ह्वाचा आवाज आला. "हे बसत नाहीये."

सॉकेटचे पाय भोकांत जाईनात. तिने फिरवून पाहिलं. मी घेतलं, दाबलं, एक पाय वाकला. वाटलं माप चुकलं. पण माप बरोबर होतं, प्रत्येक भोक चित्राबरहुकूम. मग ह्वाने बोर्ड पालथा केला आणि मागच्या बाजूने सॉकेट टेकवलं. ते अलगद आत गेलं, लोण्यात सुरी जावी तसं.



"पाकचिक, ठसा काढताना तुम्ही कुठून बघत होतात?"

"तांब्याच्या बाजूने," मी म्हणालो.

काचेचा बोर्ड. तुम्ही कायम वर उभे. याच वहीत मी ते लिहिलंय, सुंदर कल्पना म्हणून. आणि हात आपला जुन्या वाटेने गेला. आरशातलं सॉकेट आखलं मी. सॉफ्टवेअर शून्य म्हणालं ते खोटं नव्हतं. त्याला रेघा मोजता येतात, सॉकेट हातात धरता येत नाही.

झिला रागावली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी बघायला हवं होतं. एका नजरेत दिसलं असतं. मी त्या वेळी व्हिसाच्या रांगेत होते."

"कसला व्हिसा?"

ह्वा उठून खाली गेली.

जर्मनी. नोव्हेंबरपासून ठरलंय. दोन वर्षं, कदाचित जास्त. मोठी प्रयोगशाळा, पाण्याचीच यंत्रं बनवतात. कंपनी ह्वा चालवणार. आणि बोर्ड आखायला आबा. "म्हणून तर तुम्हाला शिकवलं," झिला म्हणाली. "ह्वाला माणूस हवा होता, आणि तुम्हाला... तुम्ही नुसते ओसरीवर बसून असायचात. रोज सांगेन म्हणत होते. तुम्ही इतके रमला होतात."

मी विचारलं, "सिंगापूर नको म्हणालीस ना?"

"सिंगापूर नको म्हणाले."

मग ती डोळे पुसून म्हणाली, "आता प्रश्नच मिटला. हे असं अर्धवट टाकून मी जाणार नाही. ह्वा एकटी, हाजी सोबरी डोक्यावर, आणि तुम्ही... नाही. मी त्यांना कळवते, येत नाही म्हणून."

२१ फेब्रुवारी, गुरुवार

रोकियाला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, "तुम्हाला सांगणार कोण? आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही सकाळी माझ्याआधी उठत होतात."

आज कुठे गेलो नाही. ओसरीवर बसलो. समुद्राला ओहोटी होती.

बोर्ड चालला तर मुलगी राहील, असं गणित मी मांडलं होतं. बोर्ड चालला नाही आणि मुलगी राहिली. मला जे हवं होतं ते मिळालं. आता मी काहीही करायचं नाही, फक्त बसून राहायचं. म्हातारा, चुकणारा बाप. असल्या बापाला टाकून कुणी जात नाही.

हे वाचून माझीच मला भीती वाटते आहे. तरी खोडत नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

झिला आज घरीच. कांदा चिरत होती. कानात काही नव्हतं, घसा अगदी साफ. रोकियाने मोज्यांच्या चार जोड्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर टाकल्या, जिथे आम्ही मेलेल्या माणसांच्या वस्तू ठेवतो.

मी झिलाला विचारलं, "ते खाकरणं काय होतं?"

"जर्मन. घशातून बोलावं लागतं."

"म्हणून दाखव."

"आता कशाला, आबा."

"म्हण ना."

तिने एक वाक्य म्हटलं. पंतुनसारखं लांब होतं, शेवटी जाऊन अर्थ लागणारं. "माझे वडील सर्किट बोर्ड आखतात," असा अर्थ तिने सांगितला. शिकवणीत घरच्यांची ओळख करून द्यायला लावतात म्हणे. मग ती पुन्हा कांदा चिरू लागली.

दुपारी ह्वाचा फोन आला. "पाकचिक, सॉकेट मागच्या बाजूने लावलं तर पाय बरोबर जुळतात, रेघासुद्धा बरोबर. पण मग तोंड खाली येतं आणि डब्याला भोक वरून आहे. मला एकटीला सुचत नाहीये. झिलाला विचारायचं नाही म्हणते मी."

मला सुचलं होतं. परवाच, ओसरीवर बसल्या बसल्या. कुणाला बोललो नव्हतो.

फोन कानाला लावून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. ह्वा हॅलो हॅलो म्हणत होती.

"वरचं भोक बुजव," मी म्हणालो. "डब्याच्या बुडाला नवीन पाड. वायर खालूनच जाऊ दे. मी येतो."

२५ फेब्रुवारी, सोमवार

तळं आज डोक्यात नाही, नुसतं प्लास्टिक. डबा बुडाकडून भोसकताना तडा जातो. पहिले दोन डबे गेले. ह्वा म्हणाली, "पाकचिक, हळू, ड्युरियन फोडत नाही आहात." मग तापवलेल्या लोखंडी नळीने भोक पाडलं, ते नीट उतरलं. वास भयंकर. खालचा नासी कंदारवाला वर आला आणि म्हणाला, तुमच्या स्वयंपाकाने माझी गिऱ्हाइकं पळतील.

सॉकेटला मागून डाग देताना माझा हात थरथरतो, ते ह्वाने केलं. मी तिच्याशेजारी बसून पाय मोजत होतो, पुन्हा पुन्हा. आता बोर्डावर माझा विश्वास नाही, सॉफ्टवेअरवर नाही, डोळ्यांवर तर नाहीच.

झिलाला विचारलं, कळवलंस का तिकडे. म्हणाली, "आज लिहिते." कालही हेच म्हणाली होती.

तिने लिहायच्या आत हे चाललं पाहिजे. आधी वाटायचं, चाललं नाही तर जाईल. आता वाटतं, चाललं नाही तर राहील. भीती तीच, तेवढीच, फक्त मी तिच्या पलीकडच्या काठावर आलोय.

२ मार्च, शनिवार

बालिक पुलाऊ. हाजी सोबरींच्या तळ्यांवर पाणी घुसळणारी चाकं फिरत होती. ऊन असं की चष्मा तापला. झिलाला मीच आग्रहाने नेलं. नाही तर ती येणार नव्हती.

हाजी सोबरींनी डबा उलटसुलट केला. "हे काय, वायर बुडातून? मागच्या वेळी दाखवलात त्याची डोक्यातून होती."

ह्वा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "चूक झाली, हाजी. सॉकेट मी उलटं आखलं, म्हणून खाली आलं. पुढच्या खेपेला वर येईल."

"वर कशाला? पाऊस आत जायला?" ते म्हणाले. "चालतंय का, ते बोला."

काडी तळ्यात सोडली. आकडे आले, स्थिर झाले. मग मी काडी उचलून हवेत न धरता, उकळून गार केलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडवली. त्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. आकडा उतरू लागला. लाल रेषेपाशी आला. भोंगा वाजला नाही. मी बाटली घट्ट धरली. ही भीती माझीच, की कुठे खोल दडलेली आशा, ते मला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

मग भोंगा वाजला. बगळे उडाले, हाजी सोबरींचा कुत्रा भुंकत सुटला, आणि ते स्वतः कानावर हात ठेवून ओरडले, "बंद करा ते, कोळंबी भोंग्यानेच मरेल." पण हसत होते. दहा तळी, दहा डबे, पुढच्या महिन्यात.

परत येताना घाटात झिला म्हणाली, "आबा, त्यांना मी अजून लिहिलं नाहीये."

"ठाऊक आहे."

"खरं सांगा. पुढचा बोर्ड तुम्हाला एकट्याने जमेल?"

खरं हे, की मला अजूनही थर कसा बदलायचा ते दर वेळी आठवावं लागतं. खरं हे, की शून्य दिसलं तरी मी आता कधीही निश्चिंत होणार नाही. तिने वळणावर वेग कमी केला, उत्तराची वाट बघत.

"जमेल," मी म्हणालो. "न जमायला काय झालं. तू पत्र लिही, येते म्हणून."

 पुढच्या वळणावर तिच्या ओठांतून तेच खाकरणं ऐकू आलं, अगदी हळू. मी जायफळाच्या बागांकडे तोंड करून बसलो.

११ मार्च, सोमवार

काल झिला गेली. विमानतळावर रोकियाने तिला टोपी तिथेच घालायला लावली, पेनांगच्या उकाड्यात. लोक बघत होते. मी तिला म्हटलं, पोचलीस की कळव, आणि मग हेच तीनदा म्हटलं.

घरात बसवेना. सकाळी बायान लेपासला गेलो. जिन्यात रश्श्याचा वास तसाच. झिलाच्या खुर्चीवर ह्वाने खोके ठेवले होते, ते तिने न बोलता उचलले.

नवीन बोर्ड उघडला. काळोख, पिवळा चौकोन, आणि पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं, परत पहिल्यासारखं. सॉकेट आता वरून बघून आखायचं. दोन रेघा ओढल्या. तिसरी खालच्या थरात न्यायची होती आणि ते कसं करतात ते डोक्यातून साफ गेलं. सगळी बटणं दाबून पाहिली.  खिशातून फोन काढला, झिलाचं नाव समोर आणलं. तिकडे ती झोपली असेल, नाही तर पहिल्या दिवशीचे कपडे घालत असेल. तसाच धरून बसलो, मग टेबलावर पालथा ठेवला.

"ह्वा," मी हाक मारली. "थर कसा बदलायचा गं?"

"पाकचिक, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"हो. मग आज पुन्हा शिकव."

तिने खुर्ची ओढली.